गोराईच्या शेतातला चौकोन : एका पीकखुणेचा प्रकरण अभ्यास

माघातल्या एका रविवारी भाचीने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "मावशी, मी काहीच बोलत नाही. तूच सांग काय दिसतंय."

पडद्यावर मुंबईच्या उत्तर टोकाजवळच्या गोराईचे उपग्रहचित्र होते. खाडीच्या काठाने मिठागरांचे करडे चौकोनी तुकडे, मग खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरते ती दलदल, मग शेते. त्यातल्या एका शेतात, आजूबाजूच्या फिकट हिरव्यावर, गडद हिरव्या रेषेने काढल्यासारखा एक चौकोन होता. कोपरे टोकदार नव्हते, गोलसर वळलेले होते. पूर्वेच्या बाजूला रेषा थोडी तुटली होती, दार असावे तशी. आत, उत्तरेकडे सरकून, एक फिकट पिवळसर कडी होती आणि त्या कडीला बाहेरून चिकटलेला एक गडद ठिपका. मोजून पाहिले. चौकोनाची बाजू सुमारे ३८ मीटर, कडीचा व्यास सुमारे ७ मीटर.

भाची इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमचा पाचसहा जणांचा गट दर रविवारी बोरिवलीला माझ्या घरी बसतो आणि मोफत मिळणारी उपग्रहचित्रे बघत साष्टी बेटाचा, म्हणजे मुंबईच्या उपनगरांच्या मुलखाचा, एकेक तुकडा तपासतो. मी भूगोलाची शिक्षिका, म्हणून नकाशा वाचायला शिकवण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. तिने आपला अर्थ सांगितला: बाहेरचा चौकोन म्हणजे बुजलेला खंदक, आतली कडी म्हणजे गोल बांधकामाचा पाया, ठिपका म्हणजे पुष्करिणी किंवा विहीर. "स्तूप असेल का गं?"

हा प्रश्न उगाच आलेला नव्हता. गोराईहून वसईची खाडी ओलांडली की पलीकडे सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी उघडली, तर आत स्तूप निघाला. दगडी पेटीत अस्थिकरंडक आणि आठ लहान ब्राँझ बुद्धमूर्ती होत्या. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. गोराईच्या अलीकडच्या काठावर एक्सरचे वीरगळ उभे आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. अशा मुलखात शेतात गोल पाया दिसला तर तरुण मुलीच्या मनात स्तूप येणारच. माझ्याही मनात आला. मी वहीत नोंद केली: "बहुधा प्राचीन आवार, आत गोल बांधकाम."

ही नोंद पुढच्या पाच आठवड्यांत का आणि कशी बदलली, ते इथे लिहिते आहे.

खूण उमटते कशी

ज्यांनी पीकखुणा पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे मूळ. जमिनीत कधीकाळी खंदक किंवा खड्डा खणला आणि तो नंतर बुजला, तर त्यातली माती भोवतालच्या मातीपेक्षा खोल, भुसभुशीत आणि ओल धरणारी असते. वरून जमीन सपाट दिसते, नांगर फिरतो, कुणाला काही कळत नाही. पण पाणी कमी पडायला लागले की त्या पट्ट्यावरची रोपे उंच राहतात, हिरवी राहतात, उशिरा पिकतात. उलट, खाली भिंतीचा पाया किंवा फरसबंदी असेल तर मुळांना खोली मिळत नाही. तिथले पीक खुजे राहते आणि लवकर पिवळे पडते. जमिनीवर उभे राहून हा फरक कळत नाही, उंचावरून कळतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात विल्यम कॅम्डेनने रिचबरो इथे पिकातल्या फिकट पट्ट्यांवरून जुन्या रस्त्यांची आखणी ओळखली होती, विमाने येण्याच्या कितीतरी आधी.

या अभ्यासाचा मोठा भाग तिकडचाच आहे. ओ. जी. एस. क्रॉफर्डने १९२०च्या दशकात हवाई छायाचित्रांना पुरातत्त्वाचे साधन म्हणून उभे केले. १९२५ मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉलला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात खंदकाच्या वर्तुळाच्या आत ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. पुढच्या उन्हाळ्यात गव्हात ते ठिपके आणखी स्पष्ट झाले. त्याआधी ती जागा नांगरटीने झिजलेला मोठा दफनढिगारा मानली जात होती. कनिंग्टन पतिपत्नींनी १९२६ ते १९२९ या काळात उत्खनन केले, तेव्हा ते ठिपके लाकडी खांबांचे खड्डे निघाले. ते आज वुडहेंज म्हणून ओळखले जाते. २०१८च्या कडक उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून एक अख्खे वर्तुळाकार आवार पिकात उमटलेले दिसले. ही दोन्ही उदाहरणे मी गटाला अनेकदा दाखवली होती.

आणि तिथेच माझी चूक झाली. वुडहेंजच्या गोष्टीचा अर्धाच भाग मी मुलांच्या मनात उतरवला. आकार छायाचित्राने दिला, हे सांगितले. काळ मात्र खणल्यावर, खापरे हातात आल्यावर ठरला, यावर मी पुरेसा वेळ थांबले नाही.

आपल्याकडचा मोठा फरक पाण्याचा आहे. तिकडे जव-गहू जून-जुलैत पिकायला येतात, नेमकी तेव्हाच जमिनीतली ओल संपत आलेली असते, म्हणून खुणा उमटतात. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबईवर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि भात चिखलात उभे असते. ज्या रोपाला पाण्याची चणचणच नाही ते खालच्या खंदकाबद्दल काय सांगणार? भाताच्या चित्रात पीकखुणा शोधणे जवळजवळ व्यर्थ. पण भात कापल्यावर त्याच रानात, जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल टाकतात. वालाला वरून पाणी नाही, पाऊस नाही. पौष-माघात ओल खाली खाली जाते आणि कोकणपट्टीत पीकखुणा बघायची तीच एक अरुंद खिडकी. भाचीचे चित्र नेमके फेब्रुवारीतले होते. चित्र तिने निवडले ते उत्तमच होते, हे मी आजही म्हणेन.

तपासणी

पहिला प्रश्न: खूण पुन्हा दिसते का? एकदाच दिसली तर ती खताची सांडलवंड असू शकते, नाहीतर कुणी त्या पट्ट्यातच पाणी सोडलेले असू शकते. त्या शेताची वेगवेगळ्या तारखांची १४ चित्रे मिळाली. चौकोन ३ चित्रांत दिसला. तिन्ही वेगळ्या वर्षांची आणि तिन्ही जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात या काळातली. पावसाळ्यातल्या चित्रांत ढग, नाहीतर भाताचा एकसलग हिरवा. एप्रिल-मेमध्ये नुसती तपकिरी ढेकळे. म्हणजे खूण खरी, जमिनीखालून येणारी.

दुसरे: आजच्या बांधांशी तिचे नाते काय? चौकोन बांधांना समांतर नव्हता, थोडा तिरका होता, आणि एक बांध त्याच्या कोपऱ्यावरून सरळ निघून गेला होता. भाचीचा चेहरा खुलला. "बांध नंतरचे, चौकोन आधीचा." हे अनुमान बरोबर होते. फक्त 'आधीचा' म्हणजे किती आधीचा, हे त्यात नव्हते आणि आम्ही दोघींनी ते हळूच आपल्या मनाने भरून घेतले.

तिसरे: अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यातल्या चांगल्या चित्रांत सुमारे २ मीटरपर्यंतचा तपशील कळतो. १९६०च्या दशकाच्या अखेरचे एक चित्र मिळवले. सात मीटरच्या कडीची बारीक रेघ त्यात कळणे कठीणच होते, पण चौकोनाच्या जागी चौकोनाएवढाच एक गडद ठसा होता. त्या रविवारी घरात टाळ्या पडल्या. पन्नास वर्षांपूर्वीही खूण होती!

आता मागे वळून बघताना हा क्षण मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. आमच्या तिन्ही चित्रांत चौकोनाची *कड* गडद होती, आतला भाग शेजारच्या शेतासारखाच फिकट. जुन्या चित्रात *आख्खा* चौकोन गडद होता. खोलीतल्या सहाही जणांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि कुणीही हा फरक बोलून दाखवला नाही. जे हवे असते त्याला डोळा दुजोरा शोधत राहतो.

शेतावर

फाल्गुनात आम्ही तिघे बोरिवलीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेलो. खणायचे नाही, उकरायचे नाही, काही उचलायचे नाही, हे आधीच ठरलेले. परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय शेतात पाऊल टाकणेही बरे नाही. ड्रोनचा विचारही केला नाही. त्याला वेगळी परवानगी लागते, आणि आम्हाला चित्र हवे नव्हते, माणूस हवा होता.

शेताचे मालक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले काका, ऐंशीच्या पुढचे. व्हरांड्यात बसून त्यांनी आमचा छापील कागद दोन्ही हातांत धरला, जरा लांब नेला, आणि कडीवर बोट ठेवले.

"इथं रेडा फिरायचा, बाय."

ती त्यांच्या वडिलांची वाडी होती. भाजीची: वांगी, मुळा, माठ, दुधी. गुरे आत शिरू नयेत म्हणून चारी बाजूंनी चर खणलेला आणि चराच्या आतल्या अंगाला निवडुंग. पूर्वेला गावाकडून येणारी पायवाट, म्हणून त्या बाजूला आत यायची जागा. उत्तरेला विहीर आणि विहिरीवर रहाट. रहाटाच्या आडव्या दांड्याला रेडा जुंपायचा, तो विहिरीच्या *बाजूला* गोल गोल फिरायचा, आणि फेऱ्याचा जोर लाकडी दात्यांवरून विहिरीवरच्या चाकाकडे जायचा. गाडगी खाली जाऊन भरून वर यायची, पन्हाळीत रिकामी व्हायची. पुढे इंजिन आले, रहाट मोडला. मग विहिरीला खारे पाणी लागले. विहीर बुजवली, चर बुजवला, निवडुंग काढून जाळला, जमीन सपाट केली, नवे बांध घातले आणि भात लावायला घेतले. त्यालाही आता चाळीसेक वर्षे झाली.

भाची गप्प होती. मी तिच्याकडे न बघता काकांना चरात काय भरले होते ते विचारले. "काय भरणार? पाला, शेण, विहिरीतला गाळ. जे मिळालं ते." ओल धरून ठेवायला यापेक्षा चांगला मसाला नाही.

इथे थांबून समाधान मानता आले असते. पण चित्रावर आम्ही जितका चटकन विश्वास ठेवला तितकाच चटकन आठवणीवर ठेवला, तर पहिल्या चुकीतून काय शिकलो? ऐंशीच्या घरातल्या माणसाची आठवण शेजारच्या शेताची असू शकते. म्हणून काकांचे म्हणणे खरे असेल तर आणखी काय काय दिसायला हवे, ते आम्ही व्हरांड्यातच लिहून काढले आणि मग शेतावर गेलो.

विहीर कडीच्या मधोमध नव्हे, बाजूला हवी. चित्रात गडद ठिपका कडीला बाहेरून चिकटलेलाच होता. स्तूपाच्या कल्पनेत हा ठिपका नेहमी अडचणीचा होता, आम्ही त्याला 'पुष्करिणी' म्हणून जागा करून दिली होती. रहाटाच्या कल्पनेत त्याच्यावाचून चित्रच पुरे होत नाही.

कडी फिकट का, याचेही उत्तर जुळायला हवे. वर्षानुवर्षे रेड्याच्या खुरांनी एकाच वाटेवर दाबलेली माती दगडी पायासारखीच वागते. मूळ आत शिरत नाही, पाणी मुरत नाही. दगड आणि दाबलेली माती यांतला फरक वरून काढलेल्या चित्राला कळत नाही. मे महिन्यात तिथे नांगर अडखळतो का, असे विचारले, तर काकांचा मुलगा म्हणाला की त्या पट्ट्यात ढेकूळ मोठे निघते, पण दगड कधी लागला नाही.

शेतात वालाच्या शेंगा तोडून झाल्या होत्या. चराच्या रेषेवरचे वेल अजून हिरवे होते, बाकीचे पिवळे पडून जमिनीला टेकले होते. गुडघे टेकून बघितल्यावर ती हिरवी रेष डोळ्यांनी पकडता आली. भाची तिच्यावरून चालत चारही बाजू फिरून आली.

आणि खापरे. पृष्ठभागावर बहुतेक मंगलोरी कौलांचे तुकडे होते. पण ठिपक्याच्या आसपास, दहाएक पावलांत, लाल मातीच्या लहान गाडग्यांचे तुकडे होते आणि त्यांतल्या चारांवर मानेखाली खोल खोबण होती, दोरी बांधायला असते तशी. रहाटाचे गाडगे दोरीने आवळून बांधावे लागते, म्हणून त्याचा घाट असा असतो. घरच्या मडक्याला अशी खोबण नसते. फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवली, तुकडे जिथल्या तिथे राहू दिले.

राहिले कोरोनाचे चित्र. भर उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे रान करपलेले असताना रहाटाच्या पाण्यावर जगणारी वाडी वरून कशी दिसेल? आख्खा चौकोन गडद. आम्ही टाळ्या वाजवल्या तो बुजलेला खंदक नव्हता, जिवंत भाजीपाला होता.

नोंद बदलताना

भाचीला वाटले, आपण सपशेल चुकलो. मला तसे वाटत नाही आणि परतताना बोटीत मी तिला हेच सांगत होते. तिने बुजलेला चर ओळखला, तो चरच निघाला. आवार ओळखले, ते आवारच होते. दार बरोबर ओळखले. आकार वाचताना तिच्या हातून फक्त कडी निसटली, आणि तीसुद्धा अशा खुणेत जिथे दगड आणि रेड्याची वाट एकसारखीच दिसतात. चुकला तो काळ. आणि काळ त्या चित्रात कुठेच लिहिलेला नव्हता, तो आम्ही सोपाऱ्याहून आणून तिथे ठेवला.

गोलसर कोपऱ्यांचेही तसेच. रोमन छावण्यांचे कोपरे असे वळवलेले असतात, हे तिने माझ्याच चित्रांत पाहिले होते. गोराईत कोपरा वळतो तो कुदळीने चर खणणारा माणूस काटकोन करत बसत नाही म्हणून. पद्धत परदेशातून घ्यावी, आकारांची यादी घेऊ नये. तिकडचे अभ्यासक त्यांच्या फसव्या खुणा शिकून घेतात: शेतातले निचऱ्याचे नळ, अळंब्यांची वर्तुळे, गुरांच्या चाऱ्याभोवती पडलेली गोल वाट, महायुद्धातल्या तोफांच्या जागा. आपल्या फसव्या खुणांची यादी आपणच करायला हवी. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती आता सुरू झाली आहे. राब भाजतात तो तुकडा: पाला, शेण, गवत जाळून रोपे करायची जागा. राख आणि खत त्या जागी उरते आणि पुढचे पीक तिथे गडद येते, अगदी बुजलेल्या खड्ड्यासारखे. खळे: चोपून, सारवून, मेढीभोवती बैल फिरवून घट्ट केलेले वर्तुळ, म्हणून फिकट चकती. पेंढ्याचे उडवे जिथे दरवर्षी रचतात ती जागा. वसईकडची बुजवलेली बावखले, म्हणजे जुनी तळी, मोठी, वेडीवाकडी, गडद. मिठागराचे मोडलेले बांध, ज्यांच्या रेषेवर खारेपणामुळे काहीच नीट उगवत नाही. आणि रहाट.

शिवाय या किनाऱ्यावर 'जुने' म्हणजे लगेच बौद्ध काळ नव्हे. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, मराठ्यांनी १७३९ मध्ये ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांतल्या वाड्या, आवारे, चौक्या, चर्चची कुंपणे या सगळ्यांचे चर आणि पाये याच मातीत आहेत. खरोखरचे जुने आवार जरी सापडले, तरी आधी या काळाची शक्यता तपासावी लागेल.

एक रेष मात्र उरली. चौकोनाच्या नैर्ऋत्येकडून एक गडद पट्टा वळणे घेत येतो आणि चराला छेदून पुढे जातो. माणसाने खणलेल्या चराची रुंदी साधारण सारखी राहते. याची कुठे दोन मीटर, कुठे पाच. पूर्वी भरतीचे पाणी इथवर यायचे, असे काकांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकले आहे. बुजलेला खाडीचा फाटा असावा. भाचीला त्यात अजून रस आहे, कारण फाटा असेल तर कधीकाळी होड्या आत येत असतील. ते मी खोडले नाही, लिहूनही घेतले नाही.

वहीतली जुनी नोंद आम्ही पुसली नाही, तिच्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिले: "चौकोनी आवार, बुजलेला चर, बाजू ३८ मी. विसाव्या शतकातली भाजीची वाडी. फिकट कडी, ७ मी., रहाटाची रेडेफेरी. गडद ठिपका, बुजलेली विहीर. आधार: तीन वर्षांची फेब्रुवारीच्या आगेमागेची चित्रे, कोरोना चित्र, मालकांची माहिती, पृष्ठभागावरची खोबणीची खापरे. नैर्ऋत्येचा वळणदार पट्टा: बहुधा नैसर्गिक, खाडीचा फाटा. पीक: वाल."

निघताना काकांनी गोराई आणि मनोरीतल्या आणखी चार जागा सांगितल्या होत्या, जिथे त्यांनी लहानपणी रहाट पाहिला होता. भाचीने त्या हाताने काढलेल्या नकाशावर टिपल्या आणि पुढच्या रविवारी फेब्रुवारीची चित्रे उघडली. एका जागी आता इमारत आहे. एका जागी आंब्याची बाग, खालचे काही दिसत नाही. उरलेल्या दोन्ही जागी वालात फिकट कडी होती, सहा-सात मीटरची, आणि दोन्हीकडे गडद ठिपका कडीच्या बाहेर, तिला चिकटून.